मंजनाच्या डबीआधी मुखपरीक्षण

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, तळवडे, महाळुंगे आणि चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात वैद्यकी करणाऱ्या आम्हां सर्वांना एक अनुभव परिचित आहे. रुग्ण येतो तो आम्लपित्त, कटिशूल किंवा अनिद्रेची तक्रार घेऊन. नाडी पाहून होते, औषधयोजना लिहून होते, आणि उठता उठता तो सहज म्हणतो, "डॉक्टर, हिरडीतून रक्त येतंय, एखादं मंजन द्या ना." मंजनाची डबी दिली जाते आणि उभयपक्षी समाधान होते. औषधी दुकानात तर एवढाही संवाद होत नाही. ग्राहक डबीचे नाव सांगतो आणि विक्रेता ती पुढे करतो. या साऱ्या व्यवहारात रुग्णाने तोंड उघडलेले नसते आणि आत काय आहे हे कोणी पाहिलेलेही नसते. दंतविकारांच्या बाबतीत आपल्या व्यवसायाची सर्वांत मोठी उणीव हीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रस्तुत लेखात त्याची कारणमीमांसा करून काही सूचना वाचकांपुढे ठेवीत आहोत.

औषध की प्रसाधन?

नागपूरच्या केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तांनी एका सुप्रसिद्ध आयुर्वेदीय औषधनिर्मात्याच्या लाल दंतमंजनासंबंधी चालविलेल्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की हे मंजन करआकारणीच्या दृष्टीने औषध नसून दात घासण्याचे नित्याचे प्रसाधन होय. मंजनातील द्रव्ये आयुर्वेदीय ग्रंथांत वर्णिलेली आहेत, एवढ्यावर न्यायालयाचे समाधान झाले नाही. सामान्य ग्राहक ती वस्तू काय समजून विकत घेतो, ही कसोटी महत्त्वाची मानली गेली.

आपल्यापैकी अनेकांना हा निर्णय रुचला नाही, आणि त्यावर कायद्याच्या अंगाने मतभेद असू शकतात. तथापि, आम्हांस त्यात आत्मपरीक्षणाला जागा दिसते. औषध म्हटले की निदान आले, मात्रा आली, काल आला, पथ्यापथ्य आले आणि किती दिवसांनी पुन्हा दाखवावे हेही आले. ज्या द्रव्यामागे यांपैकी काहीच नाही, ते द्रव्य ग्राहकाने साबणाच्या वडीसारखे विकत घेतले तर दोष त्याला कसा द्यावा? दंतमंजनाला औषधाचा दर्जा मिळावा असे आपणांस वाटत असेल, तर ते प्रथम आपण औषधासारखे दिले पाहिजे.

शास्त्राचा क्रम

सुश्रुताचार्यांनी मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली. त्यांत दंतमूलगत रोग पंधरा आणि दंतगत रोग आठ. शीताद, दंतवेष्ट, उपकुश, शौषिर हे हिरडीचे विकार वेगळे. कृमिदंत, दंतहर्ष, दंतशर्करा, कपालिका हे दाताचे विकार वेगळे. इतका सूक्ष्म भेद करणाऱ्या शास्त्राचे अनुयायी आपण सरसकट एकच डबी सर्वांच्या हाती ठेवतो, ही विसंगती नव्हे काय?

चिकित्सेचा क्रमही विचारात घेण्याजोगा आहे. दंतशर्करेत, म्हणजे दातावर जमलेल्या कठीण किटणात, सुश्रुतांनी प्रथम दंतमुळांना इजा न करता ती शर्करा काढून टाकण्यास सांगितले आणि त्यानंतर मधासह लाक्षाचूर्णाचे प्रतिसारण सांगितले. शीतादात आधी रक्तविस्रावण, मग गंडूष व प्रतिसारण. म्हणजेच, जे काढावयाचे ते आधी काढावे आणि मग कषाय द्रव्यांनी हिरडीला दृढता आणावी. आजचा दंतवैद्य 'स्केलिंग' करतो ते याच क्रमातील पहिले पाऊल होय. एकदा टणक झालेले किटण कोणत्याही मंजनाने, ब्रशने अथवा काढ्याने निघत नाही. ते तसेच ठेवून वर कितीही उत्तम चूर्ण चोळले तरी हिरडीचा शोथ आतल्या आत वाढत राहतो, दाताभोवतीचे हाड झिजते आणि दात हलू लागतात.

"दात साफ करून घेतले की ते सैल होतात," हा समज या पट्ट्यातील कामगार वस्त्यांत घट्ट रुजलेला आहे. खेदाची गोष्ट अशी की आपल्यापैकी काही जणही त्याला दुजोरा देतात. वस्तुस्थिती अशी आहे : किटणाने भरलेली फट मोकळी झाल्यामुळे जिभेला पोकळी जाणवते, सुजलेली हिरडी ओसरते, आणि उघड्या पडलेल्या मुळाला काही दिवस थंड-गरम झोंबते. दात आधीच सैल झालेले असतात. किटणाच्या आधारामुळे ते लक्षात आलेले नसते, एवढेच. हे रुग्णाला सांगण्याचा अधिकार आणि विश्वास दोन्ही वैद्याकडे आहेत. शर्करा काढावी असे सुश्रुतांनीच सांगितले आहे, हे वैद्याच्या मुखातून ऐकलेला रुग्ण दंतवैद्याकडे जाण्यास सहज तयार होतो.

दात भरण्याचेही तसेच. किडलेल्या दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून दहन करण्याचा उपाय वाग्भटांनी दिला आहे. द्रव्ये बदलली, साधने बदलली. पण पोकळी मोकळी ठेवू नये हा विचार आपल्या परंपरेला परका नाही.

वेदना थांबली म्हणजे रोग थांबला नव्हे

दातदुखीचा रुग्ण औषधाच्या दुकानात जातो तेव्हा काय घडते, हे आमच्या औषधविक्रेत्या मित्रांना आम्ही सांगावे असे नाही. एक वेदनाशामक गोळी, जोडीला प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या आणि लवंगतेलाची लहानशी बाटली. दुसऱ्या दिवशी पाळी चुकवून चालत नाही, कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. म्हणून त्यालाही तेवढेच हवे असते.

येथे रोगाचा क्रम ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कीड दाताच्या बाहेरील कवचात असते तोवर काहीच दुखत नाही. ती आतील थरात शिरली की गोड व थंड पदार्थ झोंबू लागतात. या टप्प्यावर दात भरून घेतला तर काम थोडक्यात होते. कीड दाताच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे रक्तवाहिन्या व नस असलेल्या भागापर्यंत पोहोचली की ठणका सुरू होतो. आडवे पडले की तो वाढतो, झोपेतून उठवतो. आता 'रूट कॅनल', म्हणजे बिघडलेला गाभा काढून मुळातील नलिका स्वच्छ करून भरणे, हा दात वाचविण्याचा मार्ग उरतो. आणि दाढ असेल तर तिच्यावर टोपी बसविणेही आवश्यक ठरते, अन्यथा ठिसूळ झालेली दाढ चावताना फुटते. या टप्प्यावरही उपचार झाला नाही, तर काही दिवसांनी गाभा मृत होतो आणि ठणका आपोआप थांबतो. रुग्ण समजतो की गोळीने गुण आला. वैद्य समजतो की काढ्याने गुण आला. वस्तुतः जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाशी उतरलेला असतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गालावर सूज घेऊन प्रकट होतो.

गाभ्याच्या ठणक्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. मुळाशी पू साठला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते. केवळ गोळीने तो निचरत नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्याने पिंपरीचे नाव देशभर पोहोचविले. त्याच पिंपरीत प्रतिजैविके दाढदुखीच्या नावाखाली सुट्या गोळ्यांनी विकली जावीत, हे आपल्या परिसराला भूषणावह नाही. लवंगतेलाविषयीही तारतम्य हवे. कापसाच्या लहान बोळ्यावर एखादा थेंब पोकळीत ठेवल्यास तात्पुरती बधिरता येते. बाटली हिरडीवर रिकामी केल्यास त्वचा भाजते. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाढेशी धरून ठेवण्याची सवयही तशीच घातक आहे.

आणि एक धोक्याची खूण कायम स्मरणात असावी. जबड्याखाली किंवा गळ्याकडे पसरणारी सूज, ज्वर, तोंड न उघडणे, गिळताना अथवा श्वास घेताना त्रास, यांपैकी काहीही दिसले तर त्या रुग्णाला घटकाभरही थांबवून न ठेवता मोठ्या रुग्णालयात पाठवावे. त्या सुजेने श्वासमार्ग बंद होऊ शकतो.

तीन पाळ्यांची दिनचर्या

आपल्या ग्रंथांतील दिनचर्या ब्राह्ममुहूर्तापासून सुरू होते. रात्रपाळी संपवून सकाळी आठला खोलीवर पोहोचणाऱ्या कामगाराला ती जशीच्या तशी सांगण्यात अर्थ नाही. तो येतो, चहा-बिस्किटे किंवा वडापाव खातो आणि तसाच झोपतो. झोपेत लाळ कमी सुटते. दातांत अडकलेल्या पिठूळ व गोड अन्नाला निवांत सहा-सात तास मिळतात. त्यातच पाळीभर जागे राहण्यासाठी घेतलेले गोड चहाचे चार-पाच पेले. दर खेपेला तोंडातील आम्लता वाढते आणि दाताच्या कवचाला सावरण्यास वेळच मिळत नाही.

चरकाचार्यांनी दंतधावन दिवसातून दोन वेळा सांगितले. वाग्भटांनी प्रातःकाळी आणि भोजनोत्तर सांगितले. यातील भोजनोत्तर हा शब्द पाळीच्या कामगारासाठी कळीचा आहे. सूर्य कोठे आहे हे न पाहता, झोपण्यापूर्वीचे शेवटचे खाणे झाले की दात घासावेत, आणि झोपून उठल्यावर पुन्हा घासावेत, अशी सोपी दिनचर्या आपण प्रत्येक रुग्णाला पाळी विचारून लिहून द्यावी. कडुनिंब, खैर, करंज यांची काष्ठे आज औद्योगिक वसाहतीत मिळणे दुरापास्त आहे. मऊ ब्रश त्यांचेच काम करतो. राखुंडी, कोळसा, विटेची पूड आणि खरखरीत मीठ यांनी दाताचे कवच झिजते, हे मात्र ठासून सांगावे. तिळतेलाचा गंडूष, त्रिफळाक्वाथाचा कवल, इरिमेदादि तेल यांचे स्थान स्वच्छतेनंतरचे आहे. हिरडीच्या सौम्य शोथात त्यांचा उत्तम उपयोग होतो. मात्र ब्रशच्या जागी त्यांना बसवू नये.

फ्लोराइडचा उल्लेख आपल्या वर्तुळात बहुधा टीकेसाठीच होतो. दाताला कीड लागू नये यासाठी फ्लोराइडयुक्त पेस्टचा लाभ होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दंतोपयोगी फ्लोराइडला अत्यावश्यक औषधांच्या सूचीत स्थान दिले. दुसऱ्या बाजूने, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असते, आणि तेथून चाकणला आलेल्या तरुणांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात. ते डाग लहानपणच्या पाण्याचे आहेत, पेस्टचे नव्हेत. हा विवेक न करता 'रसायनरहित' एवढ्याच शब्दावर एखादे उत्पादन खपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्याच्या तोंडात दर वर्षी नवी कीड दिसते, त्याला फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरण्यास सांगण्यात आयुर्वेदाची काही हानी नाही.

या पट्ट्यातील एका व्यावसायिक कारणाकडेही लक्ष वेधतो. विद्युत-मुलाम्याच्या लहान कारखान्यांत आम्लाच्या वाफांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे पुढचे दात कडांपासून झिजत जातात आणि झोंबू लागतात. अशा दंतहर्षात केवळ मंजन बदलून भागणार नाही. रुग्णाचा व्यवसाय विचारलाच पाहिजे, आणि मुखपट्टी व वाफा ओढून घेणाऱ्या यंत्रणेची मागणी करण्यास त्याला सांगितले पाहिजे.

मशेरी आणि सुपारी

आता सर्वांत गंभीर विषयाकडे वळतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, चुरून, बोटाने दातांना लावण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर आहे. मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, कोकण या सर्व भागांतून येथे आलेल्या कुटुंबांनी ती सोबत आणली. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास बंदी केली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा अडविणार? २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रक्रमावर आहे, हे आपण सारे जाणतो.

मशेरी लावणाऱ्या भगिनींना ती व्यसन वाटतच नाही. दात घासण्याचे साधन वाटते. म्हणूनच "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर देतात. "दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?" असे विचारले की खरे कळते. गर्भिणीच्या बाबतीत हा प्रश्न टाळणे अक्षम्य होय, कारण तंबाखूमुळे बालकाचे जन्मवजन घटते.

काही वैद्यमित्र योगरत्नाकरातील तमाखूच्या गुणवर्णनाचा किंवा दिनचर्येतील तांबूलाचा दाखला देतात. तमाखू या देशात परकीयांबरोबर आलेली. तिच्या दीर्घ सेवनाचे परिणाम त्या काळी कळणे शक्य नव्हते. आज ते कळले आहेत. सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरविले. सुपारीमुळे गालांच्या आत ताठर पट्टे निर्माण होऊन तोंड उघडणे कमी कमी होत जाते. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावत नसतील, तर तो तरुण पंचविशीचा असला तरी त्याला तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हललेला दात, मानेत घट्ट गाठ : यांवर मुखपाकाची औषधे देऊन महिने घालविणे म्हणजे रुग्णाच्या आयुष्याशी खेळणे होय.

मात्र मशेरी सोडविण्याच्या कामी वैद्याइतका समर्थ दुसरा कोणी नाही, असे आम्ही आत्मविश्वासाने म्हणतो. मशेरी सोडली की पोट साफ होत नाही, हे तिच्या पुनरागमनाचे मोठे कारण असते. रात्री त्रिफळाचूर्ण, सकाळी कोमट पाणी, आहारात स्निग्धता, एवढ्याने ती अडचण बव्हंशी सुटते. बोटाला झालेली सवय मोडण्यासाठी त्रिफळा, लवंग, दालचिनी, खदिर यांचे वस्त्रगाळ, तंबाखूविरहित मंजन द्यावे आणि दर आठवड्यास बोलावून विचारपूस करावी. येथे मंजनाची तीच डबी निदान, अवधी आणि पाठपुरावा यांच्यासह खऱ्या अर्थाने औषध ठरते.

अधिकार आणि कर्तव्य

२० नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांच्या शस्त्रकर्मांच्या यादीत दात काढणे व रूट कॅनल यांचा समावेश झाला. ११ डिसेंबर २०२० रोजी ॲलोपॅथी डॉक्टरांनी त्याविरुद्ध देशभर बंद पाळला, आणि आपल्या बाजूनेही बरेच लिहिले-बोलले गेले. रीतसर प्रशिक्षण व साधने असलेल्या शालाक्य तज्ज्ञांचा तो अधिकार आम्हांस मान्य आहे. परंतु हलणारा असला तरी वरचा दात उपटताना रक्तस्रावाच्या भयाने सावध करणाऱ्या सुश्रुतांचे स्मरणही आम्ही करून देऊ इच्छितो. सर्वसाधारण वैद्याला दात उपटण्याचा अधिकार नाही, आणि त्याची त्याला गरजही नाही. तोंड तपासण्याचा अधिकार मात्र त्याला पहिल्या दिवसापासून आहे, आणि तो वापरला जात नाही, ही आमची तक्रार आहे.

यास्तव आमच्या सूचना अशा. प्रत्येक चिकित्सालयात एक चांगली विजेरी आणि जिभेवर ठेवण्याच्या पट्ट्या असाव्यात, आणि कोणत्याही तक्रारीच्या नव्या रुग्णाच्या केसपेपरवर हिरड्या, दात, गालांची आतली बाजू व जिभेच्या कडा यांची एक ओळ नोंद असावी. मधुमेही रुग्णांत तर हे अनिवार्य मानावे. अनियंत्रित साखरेने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात राहत नाही. औषधविक्रेत्यांनी मंजन किंवा वेदनाशामक देण्यापूर्वी किती दिवसांपासून त्रास आहे, रात्री झोपेतून उठवतो का आणि तंबाखू-सुपारी-मशेरी आहे का, एवढे विचारावे. आठवड्याहून जुन्या दुखण्यास दंतवैद्याचा पत्ता लिहून द्यावा. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. चिंचवडला मोहननगरात कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. विमा कार्ड असूनही त्याचा वापर न करणारा कामगार आपल्या पायरीवर रोज येतो, त्याला तेथवर पोहोचविणे हेही चिकित्सेचेच अंग समजावे. आपल्या संघटनेच्या शाखांनी परिसरातील दंतवैद्यांशी बोलून, पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे कळविण्याची पद्धत घालून घ्यावी.

यासाठी मोठा खर्च नाही, शासनाची परवानगी नको, नवे यंत्र नको. प्रत्येक रुग्णामागे दोन मिनिटे अधिक द्यावी लागतील. त्या दोन मिनिटांत एखाद्या कामगाराची दाढ वाचेल आणि एखाद्या भगिनीच्या गालातील चट्टा वेळीच सापडेल. येत्या अंकांत वैद्य व औषधविक्रेते यांनी या विषयावरील आपापले अनुभव व मतभेद अवश्य लिहून पाठवावेत, अशी आमची विनंती आहे.